पाहुणी किती दिवसांची

सोमवार, तारीख ६

चि. धाकटीस आईचे अनेक आशीर्वाद. तुझ्या घरी जे असतील त्यांनाही.

मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण तो काही मला विचारून दुखत नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. माझी शाळा दुसरीत संपली हे तुला ठाऊक आहे, तेव्हा वेलांट्या मोजत बसू नकोस, मजकूर बघ. तुमच्या गावच्या बसचा कंडक्टर त्याचा गणवेश माझ्याकडे इस्त्रीला टाकतो. त्याच्या हाती पाठवते आहे. परतीच्या फेरीला तो तुझ्याकडे डोकावेल, उत्तर लिहून ठेव.

धंदा चालू आहे. कोळशाची इस्त्री शेवटी माळ्यावर टाकली आणि विजेची घेतली. हलकी आहे, पण हलक्या माणसासारखीच, जरा नजर वळली की डाग पाडते. मास्तरांच्या शर्टाच्या पाठीवर परवा तिने त्रिकोण उमटवला. मास्तर म्हणाले, "आजी, भूमिती शिकवायला बरं पडेल." चांगला माणूस आहे. वकिलांचा काळा कोट अजून दर शनिवारी येतो आणि अजूनही त्याच्या खिशात शेंगांची टरफलं असतात.

आता बातमी. तुझा भाचा परत आला आहे. आपला उंट. सात वर्षं परदेशात जहाजांच्या कारखान्यात वेल्डिंग करत होता, ते कंत्राट संपलं. एकटा आला नाही. लग्न करून आला आहे. तिकडचीच आहे, इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. नाव सांगितलंय त्याने, पण ते माझ्या जिभेवर बसत नाही, सारखं घसरतं.

आला आहे असं लिहिलं खरं, पण घरी आलेला नाही. गेल्या गुरुवारी, दोन तारखेला, सरहद्दीवरच्या नाक्यावर दोघं बसमधून उतरले. त्याचं पारपत्र बघून त्याला सोडलं. तिला सोडलं नाही. तिच्याकडे बायको म्हणून येण्याचा परवाना आहे, पण परवाना असला तरी नाक्यावरून घरी फोन करून खात्री करतात म्हणे. तशी खात्री करताना काहीतरी भलतं सांगितलं गेलं आणि त्यांच्या वहीत चुकीची नोंद पडली. आता ते म्हणतात, ही बायको नाहीच, लग्न कागदापुरतं आहे. तिला नाक्यावरच्या एका खोलीत ठेवलंय. पंधरा दिवस ठेवतात. सतरा तारखेला दुपारी तीनच्या गाडीत बसवून परत पाठवणार, आणि मग पाच वर्षं पाऊल टाकू देणार नाहीत.

उंटाचा तिकडचा परवाना कंत्राटाबरोबरच संपला. म्हणजे ती इकडे येऊ शकत नाही आणि तो तिकडे जाऊ शकत नाही. एका पुलाच्या दोन टोकांना पाच वर्षं. तो घरी यायलाच तयार नाही. नाक्याच्या बाहेर बाकावर बसून असतो. दाढी वाढली आहे, असं कंडक्टर सांगत होता, नाक्याच्या गाडीवरही त्याची पाळी लागते.

नोंद खोटी आहे हे सांगायला घरातली दोन सज्ञान माणसं लागतात. त्यांनी स्वतः येऊन लिहून द्यायचं की हे लग्न आम्हाला मान्य आहे, ही आमच्या घरची आहे. आपल्या घरात माणसं किती उरली, हे तुला सांगायला नको. थोरला गेला, उंटाची आई त्याच्या आधी गेली. मी आहे आणि तू आहेस. तू ये. अर्ध्या दिवसाचं काम आहे. येताना ओळखपत्र आण.

बाकी ठीक.

तुझी आई


गुरुवार, तारीख ९

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझं उत्तर मिळालं. अख्ख्या कागदावर चार शब्द. "फोन कोणी उचलला होता?" कागद वाया घालवायची सवय तुला आधीपासूनच.

मी उचलला होता. घरात दुसरं कोण आहे उचलायला, इस्त्री?

काय झालं ते सांगते. दुकानात गर्दी होती. बँडवाल्यांचे अठरा लाल कोट एकदम आले होते, सोनेरी पट्ट्या लावलेले. त्या पट्टीवर इस्त्री धरली तर पट्टी वितळते, म्हणून वरून ओलं फडकं ठेवून दाबावं लागतं. एका हातात फडकं, एका हातात इस्त्री, आणि फोन वाजला. नाक्यावरून बोलतोय, म्हणाला. तुमच्या नातवाबरोबर एक बाई आहे, ती तुमची कोण? मी म्हटलं, पाहुणी आहे.

झालं एवढंच. आता तूच सांग, आपल्यात पाहुणे कुणाला म्हणतात? पाहुणेरावळे म्हणजे काय रस्त्यावरची माणसं? सोयरीक जुळली की दोन्हीकडचे एकमेकांचे पाहुणेच होतात. लग्नाच्या मांडवात अर्धं गाव दुसऱ्या अर्ध्या गावाला पाहुणे म्हणतं. माझ्या तोंडून शब्द गेला तो नात्याचाच. त्या साहेबाला भाषा कळत नाही, त्याला मी काय करू? त्याने वहीत लिहिलं, घरचे लोक सदर महिलेस पाहुणी समजतात. वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "आजी, तोंडी बोलताना शब्दाला चार अर्थ असतात. सरकारी वहीत उतरला की त्यातला सगळ्यात वाईट तेवढा उरतो."

काल मी दुकान बंद ठेवून नाक्यावर गेले. दोन बसा बदलाव्या लागतात. लांबलचक बैठी इमारत आहे, पिवळी. आत गेलं की एक खिडकी, खिडकीमागे तो साहेब. तरुण आहे, तुझ्या भाच्याच्या वयाचा. सदऱ्याच्या बाहीला एकाशेजारी एक अशा दोन घड्या. मी मनात म्हटलं, ज्याची घडी एका जागी बसत नाही तो माझ्या शब्दाचा अर्थ एका जागी बसवायला निघालाय. पण बोलले नाही. कधी नव्हे ते तोंड बंद ठेवलं.

उंट बाकावर होता. मला बघून उठला, नेहमीसारखा वाकला, डोकं दारात आपटू नये म्हणून लहानपणापासून वाकतो तसा. म्हणाला, "आजी, तू कशाला आलीस इतक्या लांब?" मग म्हणाला, "कुणीतरी त्यांना सांगितलंय की ती आपली कोणी नाही. कुणाचं काय बिघडवलं होतं मी?" मी म्हटलं, "लोक मेले असतातच तसे." तो म्हणाला, "नाही आजी, फोन घरी केला होता म्हणतात. चुकीचा नंबर लागला असेल का?" मी म्हटलं, "लागला असेल."

हे तुला लिहायला नको होतं. पण लिहिलं गेलं, आता खोडत नाही.

तिला भेटायला दिवसातून अर्धा तास देतात. मध्ये जाड काच, काचेला खाली भोकं. तिच्या बाजूला एक लोखंडी खाट, एक टेबल, एक खुर्ची, एक पाण्याची बाटली. पांघरुणाची घडी अशी घातलेली, की चारही कोपरे एकावर एक. धोबीखान्यातली आहे हे खोटं नाही. बुटकी आहे. उंट तिच्याशेजारी उभा राहिला तर लोक शिडी समजतील. केस कापलेले, डोळे सुजलेले.

तिने मला बघितलं. उंटाने काचेतून काहीतरी सांगितलं असेल, ही आजी म्हणून. ती चटकन उठली, केसांवरून हात फिरवला, आणि तिच्याकडची ती एकुलती एक खुर्ची होती ना, ती काचेजवळ आणून माझ्याकडे तोंड करून ठेवली. काचेच्या पलीकडे. मी बसणार कशी? मग म्हणाली, "या. बसा." स्वच्छ. मग म्हणाली, "पाणी देऊ?" आणि बाटली उचलून दाखवली. मग थोडं आठवून म्हणाली, "घर तुमचंच समजा."

मी उंटाकडे बघितलं. तो म्हणाला, "एवढंच येतं तिला. घरी गेल्यावर बघायला माणसं येतील, तेव्हा लाजायला नको म्हणून तीन महिने पाठ करून घेतलं."

मी उभ्यानेच निघाले.

तू ये. उशीर करू नकोस.

आई


सोमवार, तारीख १३

धाकटे,

तुझी दुसरी चिठ्ठी मिळाली. "पाहुण्यांच्या सह्या चालत नाहीत." कंडक्टर विचारत होता, काय लिहिलंय म्हणून. मी म्हटलं, मुलगी आईवर गेली आहे.

तुला कळलंच असणार. दुसऱ्या कुणाला पाहुणी शब्दाचे चार अर्थ सांगून मी सुटले असते. तू माझ्या घरात वाढलीस. मी तो शब्द कुठल्या आवाजात म्हणते ते तू ऐकलेलं आहेस.

मग आता सगळंच लिहिते. मी जे तुला सांगितलं ते फोनवरचं अर्धं बोलणं होतं. उरलेलं असं.

साहेबाने विचारलं, पाहुणी किती दिवसांची? मी म्हटलं, पाहुणी किती दिवस राहते? राहील आठ-पंधरा दिवस. त्याने विचारलं, यांचं लग्न झालं आहे का? मी म्हटलं, मी काही लग्नाला नव्हते.

तेव्हा माझ्या हातात फडकं नव्हतं, इस्त्रीही नव्हती. इस्त्री मी उभी करून ठेवली होती. बँडवाल्यांचे कोट आदल्या दिवशीच गेले होते. तेही खोटं लिहिलं मी तुला.

लग्नाचं मला माहीत नव्हतं असंही नाही. कचेरीत सह्या केल्या त्याच आठवड्यात त्याचं पत्र आलं होतं, सोबत फोटो. फोटोत तो हसतोय. थोरला गेल्यापासून मी त्याला तसं हसताना बघितलं नव्हतं, आणि मला त्या बाईचाच राग आला. फोटो फडताळात अंथरलेल्या कागदाखाली घातला. उत्तर लिहिलं त्यात धंद्याचं लिहिलं, गुडघ्याचं लिहिलं, लग्नाचं एक अक्षर नाही. त्याला वाटलं पत्र मिळालं नाही. त्याने परत लिहिलं. मी परत गुडघ्याचं लिहिलं.

तिला अडवावं असं माझ्या मनात नव्हतं. एवढं तरी मान, नाही मानलंस तरी खरं आहे. मला वाटलं, पाहुणी म्हटलं की पाहुणीचा शिक्का मारतील. पंधरा दिवस येईल, इथला उकाडा बघेल, मोरी बघेल, मला बघेल, आणि जाईल. तो राहील. अकरा वर्षांचा असल्यापासून मी त्याला वाढवला, तो यायचा तो माझ्याकडे यायचा होता. ती मधे कुठून आली? असं वाटलं. वाटलं ते लिहिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईला काय ठाऊक, की बायकोच्या परवान्यावर पाहुणी निघाली तर ती चोर ठरते.

आणि हे पाहुण्याचं मी तुझ्या वेळेलाही म्हटलं होतं. अठरा वर्षं झाली. तू त्या छापखान्याच्या माणसाला घेऊन दारात उभी राहिलीस, तेव्हा मी चांगल्या कपबशा काढल्या. तुला वाटलं, आईने मान्य केलं. चांगल्या कपबशा मी परक्यांसाठी काढते. पहिल्या दिवशी जेवायला वाढलं, दुसऱ्या दिवशी वाढलं. तिसऱ्या दिवशी इस्त्री करता करता, तो ऐकेल अशा बेताने म्हटलं, एक दिवस पाहुणा, दोन दिवस पै, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली की काय. त्याने कप विसळून पालथा घातला आणि पिशवी उचलली. तू त्याच्या मागे गेलीस. तू दारात एकदा वळून बघितलंस. मी बघितलं नाही असं तुला वाटतं. मी बघितलं होतं.

थोरला गेला तेव्हा तुम्ही दोघं आलात आणि बाहेर शेजाऱ्यांच्या रांगेत उभे राहिलात. मी आत बोलावलं नाही. बोलावायचं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय.

आता शनिवारचं सांगते. वकील कोट घेऊन आले, त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी शेंगा खायच्या थांबवल्या. म्हणाले, "आजी, खोटी माहिती दिली हा गुन्हा आहे. कबूल करून लिहून दिलंत तर तुमच्यावर खटला होईल. वय बघून सोडतीलही, पण भरवसा देत नाही." मी म्हटलं, "तुरुंगात इस्त्रीचं काम असतं का?" ते म्हणाले, "असावं." म्हटलं, मग लिहा.

त्यांनी लिहिलं, मी सही केली, आणि रविवारी नाक्यावर नेऊन दिलं. साहेबाने दोनदा वाचलं. विचारलं, "आधी खोटं बोललात की आता बोलताय?" मी म्हटलं, "आधी." तो म्हणाला, "आम्ही कसं मानायचं? नातवासाठी आजी काहीही लिहून देईल. घरातलं दुसरं माणूस आणा." खिडकी बंद केली नाही, जेवायला उठला नाही, चार वेळा मला तेच समजावलं. वाईट नाही तो माणूस. त्याच्याकडे दोन सह्यांच्या दोन जागा आहेत आणि एकच भरली आहे.

मग मी बाकाकडे गेले आणि उंटाला सांगितलं. सरळ सांगितलं, चुकीचा नंबर लागला नव्हता.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी उलट ओरडले असते, आम्हाला दोघांनाही ते जमतं. तो किती तरी वेळ हातावरचे वेल्डिंगचे डाग बघत बसला. मग माझी पिशवी उचलली, बसपर्यंत आला, पिशवी सीटवर ठेवली. म्हणाला, "आजी, तुम्ही आता घरी जा."

तुम्ही. लहानपणी ताप आला तरी मला अगं आजी, अगं आजी करायचा. गाडी सुटल्यावर वाटलं, त्याने मला थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं.

काच मी परत बघितली नाही. पण परवा त्यांनी म्हणे तिची खुर्ची काढून नेली, दुसऱ्या खोलीत कुणाला तरी हवी होती. कंडक्टरला उंटाने सांगितलं, कंडक्टरने मला. ती आता खाटेच्या कडेला बसते आणि भेटीच्या वेळी उठून उभी राहते, अर्धा तास, कारण तो उभा असतो.

ये असं मी आता म्हणत नाही. म्हणायचं तोंड नाही. माझ्यासाठी येऊच नकोस, माझं काय व्हायचं ते होवो. पण तिने तुझं काही बिघडवलेलं नाही. तुझ्यासारखीच एक मुलगी माणूस धरून त्याच्या घरच्या दारात आली आहे, आणि दारात मी उभी आहे.

चार दिवस उरले.

आई


शुक्रवार, तारीख १७, सकाळ

श्री. जावई यांस,

नमस्कार. आशीर्वाद लिहायचा की नमस्कार, हे कळेना. मोठी मी आहे, पण मागायला आलेलीही मीच, म्हणून नमस्कार. वरचा मायना मी तीन कागदांवर लिहिला तेव्हा एक बरा उतरला. तुम्ही छापखान्यात उलटी अक्षरं सरळ वाचता असं ऐकून आहे. माझी सरळ आहेत पण वाकडी आहेत, सांभाळून घ्या.

मी तुमच्या छापखान्यासमोरच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. तुम्ही मला बघितलं नसेल. बघितलं असेल तर न बघितल्यासारखं केलंत, तेही बरोबरच आहे. यंत्र चालू आहे, त्याचा आवाज इथवर येतो. काउंटरवरच्या बाईंकडे कागद देऊन इथेच बसते.

पहिल्या गाडीने आले. आधी घरी गेले. धाकटीने दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, बाजूला झाली, म्हणाली, "या, बसा." पाणी आणलं. चांगल्या कपात चहा आणला, बशीसकट. मग समोर बसून विचारलं, "किती दिवस आहात?" मी चहा प्यायले. माझ्याकडून शिकलेली गोष्ट तिने माझ्यापेक्षा नीट केली, तिला काय बोलणार? घरात आता दोघं झाले मला तुम्ही म्हणणारे.

मी सहीचं काढलं. ती म्हणाली, "मी करणार नाही. पण घरात दुसरंही सज्ञान माणूस आहे. त्यांना विचारा. त्यांना काय म्हणून विचारायचं ते तुमचं तुम्ही ठरवा." आणि आत गेली. आत गेल्यावर रडली. दाराला कान लावायची मला गरज पडत नाही, मी आई आहे. ते ऐकून मी इथे आले.

साहेबाला मी मागेच विचारलं होतं. दुसरी सही रक्ताच्या नात्याची किंवा लग्नाच्या नात्याची, कुठलीही चालते. जावयाची चालते. फक्त घरप्रमुखाने स्वतःच्या हाताने लिहून द्यायला हवं, की हा माझा जावई आहे. नुसतं कचेरीतलं लग्नाचं प्रमाणपत्र त्यांना पुरत नाही, कारण त्या पोरीजवळही तसं प्रमाणपत्र आहे आणि मीच ते खोटं पाडलंय. म्हणून लिहून देते:

हे गृहस्थ माझ्या धाकट्या मुलीचे पती आहेत. लग्नाला अठरा वर्षं झाली. ते माझे जावई आहेत. पाहुणे नाहीत. मी त्यांना पाहुणे म्हटलं होतं ते खोटं होतं, आणि म्हणताना मला ते खोटं आहे हे माहीत होतं.

तोंडाने हे मला सांगता आलं नसतं. अठरा वर्षं न काढलेला शब्द, आता काढायला गेले तर घशात अडेल आणि तुम्हाला वाटेल म्हातारी नाटक करते. कागदावर बरं. तुम्ही छापणारे आहात, एकदा उमटलं की परत घेता येत नाही हे तुम्हाला कुणी सांगायला नको.

माझ्यावर उपकार करा असं म्हणायचा माझा हक्क नाही. पिशवी उचलून गेलात त्या दिवशी तुम्ही मला एक शब्द उलटून बोलला नाहीत. बोलला असतात तर मी तो धरून बसले असते, आणि आज इथे यायला मला इतकं जड गेलं नसतं. तो कप तुम्ही पालथा घातलात तसा पुढे कित्येक दिवस मी उचलला नाही. का ते मला विचारू नका, मला सांगता येणार नाही.

माझं ठेवा बाजूला. आज तीन वाजता तिला गाडीत बसवतील. साहेबाची खिडकी दोनला बंद होते. नाक्याची बस इथून साडेदहाला आहे, पोचायला पावणेतीन तास, म्हणजे सव्वा वाजतो. त्यानंतरची बस अडीचला, तिचा उपयोग नाही. आता नऊ वाजून वीस मिनिटं झाली आहेत, तुमच्या भिंतीवरचं घड्याळ इथून दिसतं. तिला आपल्या भाषेत चार वाक्यं येतात. चारही दुसऱ्याला घरात घ्यायची आहेत. तिला स्वतःला आत घ्यायला लागणारं एक वाक्य दोन माणसांनी म्हणायचं आहे. एकाने म्हटलं. ते माणूस खोटारडं आहे असं वहीत लिहिलेलं आहे, म्हणून दुसरं हवं.

यायचं नसेल तर निरोप पाठवू नका. साडेदहाची बस सुटेपर्यंत मी इथून हलणार नाही, आणि सुटली की मला कळेलच. मग मी तशीच मागून अडीचच्या बसने जाईन, उंट एकटा असेल म्हणून. तो मला जवळ उभी करणार नाही, पण लांबून बघायला कुणी अडवत नाही.

यायचं असेल तर मशीन बंद करून या. हाताला शाई असली तर असू दे, शाईच्या हाताची सही कुणी नाकारत नाही. ओळखपत्र अस्सल घ्या, झेरॉक्स चालत नाही. उन्हाचं आहे, डोक्याला काही घ्या. मला पाणी विचारू नका, आत बोलावून बसवू नका. सरळ बसकडे चला, मी मागून येते. गुडघ्यामुळे हळू चालते, तेव्हा थोडं थांबत थांबत चला.

तुमची सासू